‘कॉन्व्हेंट’ची पाटी पाहून भुलू नका
मराठवाड्यात ‘कॉन्व्हेंट’ नावाच्या शाळा गल्लोगल्ली निघाल्यात. त्यांतल्या बऱ्याच जणींचा चर्चशी काडीचा संबंध नाही. म्हणून मुलाला माध्यमिकला घालण्याआधी संस्था कोणाची ते सरळ विचारा: औरंगाबाद धर्मप्रांताची (म्हणजे तिथल्या कॅथलिक बिशपच्या कारभाराची), सिस्टर लोकांची (ख्रिस्ती जोगिणींची), की गावातल्याच एखाद्या पुढाऱ्याची? शाळेला अल्पसंख्याक दर्जा असेल तर धाकट्यासाठी आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांची आशा सोडा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच या शाळांना त्यातून वगळलंय.

पोराला बायबल शिकवतील, ही धास्ती मात्र उगाच. मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही, राज्यघटनेचं कलम २८ तेच सांगतं. प्रवेश अर्जात अशी संमती छापलेली आहे का, तेवढं सही करण्याआधी वाचा.