दिवा दिसला की लगेच ‘आशा’ म्हणू नका : चित्रातला भाव आणि प्रतीक कसे ओळखावे

सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र बहुतेकांनी कुठेतरी पाहिलेलं असतं : एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, अंगावर जांभळट साडी. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. मोबाइलवर मोठं करून घ्या.

आधी शीर्षक विसरा. ते डोक्यात असलं की डोळे तेवढंच शोधतात.

मग उजेड कुठून येतो ते पाहा. चित्राचा भाव बऱ्याचदा चेहऱ्याआधी उजेडानेच ठरवलेला असतो. इथे उजेड एकाच ज्योतीचा आहे. आडोशाची बोटं त्याने लालसर झाली आहेत, तिथून तो चेहऱ्यावर आणि साडीवर पसरतो, मागे अंधार. खालून पडलेला उजेड एरवी चेहरा भेसूर करतो. इथे तसं होत नाही, कारण तो बोटांतून गाळून आलेला, मऊ आहे. आणि पारदर्शक जलरंगात उजळ जागा सहसा पांढऱ्या रंगाने भरत नाहीत, तिथे कागदच राखतात. म्हणजे हा उजेड कुठे राहणार, हे रंग लावण्याआधीच ठरवावं लागतं!

आता चेहरा झाकून फक्त हात पाहा. जमलं तर स्वतः तसे उभे राहा. (घरचे हसतील, हसू द्या.) अशा वेळी आपण श्वाससुद्धा जपून घेतो.

प्रतीकाकडे यानंतर वळा. दिवा म्हणजे आशा, ज्ञान, लक्ष्मी, तुळशीपुढची सांजवात, ही यादी कुणालाही येते. चित्रकाराने दिव्याचं काय केलं, हे विचारा. इथे तो ओवाळायला घेतलेला नाही की कोनाड्यात ठेवलेला नाही. त्याला वाऱ्यापासून जपलंय. म्हणून माझ्या मते हे चित्र आशेपेक्षा जपणुकीचं आहे, आणि जपणूक आली की थोडी काळजीही आली.

शेवटी बाहेरची माहिती. हे चित्र राजा रविवर्म्यांचं म्हणून सर्रास फिरतं, पण ते १९०६ मध्येच गेले आणि चित्र १९४० च्या दशकातलं आहे. चित्रासाठी उभी राहिली ती हळदणकरांची मुलगी, गीता. हे कळल्यावर त्यात बापाची माया दिसू लागते. दिसू द्या, पण ती चित्रात नेमकी कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येतं का, तेही तपासा. नाही आलं, तर तो अर्थ तुम्ही वाचलेल्या माहितीतून आलाय.