ग्रुप राईडला निघालात? सायकलच्या किमतीवर बोलण्याआधी या चुका टाळा

घोळक्यात नवा माणूस आला की आमच्या आर्वीकडे नाव-गाव नंतर विचारतात. पहिला प्रश्न ठरलेला : "कितीची पडली भाऊ?" पहिली चूक हीच. उत्तर ऐकून आपण माणसाची जागा ठरवून मोकळे होतो.

वजनाचं खूळ त्यातलंच. व्यावसायिक शर्यतींतही नियमाने सायकल ६.८ किलोच्या खाली चालत नाही, आणि आपण बाटलीच्या स्टँडचे ग्रॅम मोजतो. हिशेब करा : स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो, तासाभराचा घाट. एक किलो कमी केल्याने जेमतेम चाळीसेक सेकंद वाचतात. चिखलदऱ्याच्या वाटेवर तेवढा वेळ माकडं बघण्यातच जातो.

हवा ठासून भरणं ही दुसरी. टायरवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरायची सक्ती नाही. खडबडीत रस्त्यावर कडक टायर उसळतं आणि हातांना मुंग्या येतात. थोडी कमी ठेवा. मात्र इतकी कमी नको, की खड्ड्यात रिम आपटून ट्यूबला भोक पडेल.

आता पंक्चर. इकडे सराटे आणि बाभळीचे काटे पाचवीला पुजलेले. कुंपणासाठी काट्या नेणाऱ्या बैलगाडीतून ते रस्त्यावर गळतात. एका हिवाळ्यात मी सेकंडहँड कार्बनची चाकं मिरवत निघालो. जवळ ट्यूब एकच. पंक्चर झालं, बदलली, आणि दोन किलोमीटरवर पुन्हा फुस्स! घोळक्यात एक शेतकरी दादा होते. त्यांच्या जुन्या लोखंडी सायकलला मी सकाळीच "पानठेल्यापर्यंतची" म्हणालो होतो. ते थांबले. बांधावरच्या पऱ्हाटीचं फुटलेलं बोंड तोडलं आणि कापूस टायरच्या आतून हळूहळू फिरवला. तंतू अडकले, तिथेच काट्याचं मोडकं टोक होतं.

"काटा आतच ठेवून ट्यूब बदलली, तं थे टिकन कशी गा?"

मग त्यांनीच ट्यूब घासून, सोल्युशन वाळू देऊन पॅच मारला. सोल्युशन ओलं असताना पॅच चिकटवला तर तो सुटतो, हेही मला त्या दिवशीच कळलं. पानठेल्याचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

घोळक्यात मान मिळतो तो चालवण्यावर. मागच्याला वारा कमी लागतो, त्याची पाव ते तिसरा हिस्सा मेहनत वाचते. म्हणून आपली पाळी आली की पुढे जायचं. पण पुढे जाताच वेग वाढवू नका, घोळका तुटतो. शेजाऱ्यापेक्षा अर्धं चाक पुढे राहायची खोड सोडा. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूने भिडवू नका. तो जरा वळला तरी पडणार तुम्हीच. खड्डा हाताने दाखवा, गुरं आडवी आली तर ओरडा. अचानक ब्रेक तर मुळीच नको.

उलटी चूकही होते. महागडी सायकल घेऊन आलेला पोरगा चढावर धापा टाकू लागला, की कॅन्टीनवर चहासोबत त्याची टिंगल सुरू. अहो, त्याने पैसे स्वतःचे घातलेत. बरेचदा त्याची सीटच खाली असते. टाच पेडलवर ठेवून, पेडल सर्वात खाली असताना पाय सरळ होतोय का बघा, आणि पाना आपल्याच पिशवीतला काढून द्या.