प्रेग्नन्सी टेस्टची घाई नको
पाळीची तारीख उलटण्याआधीच टेस्ट केली की गोंधळ होऊ शकतो. पाळी अनियमित असेल तर संबंधानंतर २१ दिवस थांबा. सकाळची पहिली लघवी घ्या, तिच्यात एचसीजी (गरोदरपणात तयार होणारं हार्मोन) जास्त असतं. ड्रॉपरने मोजून थेंब टाका आणि पाकिटावरच्या वेळेतच रेघा बघा. किट नीट चालल्याचं दाखवणाऱ्या ‘सी’पाशी रेघ नाही? किट वाया गेलं, दुसरं आणा. गरोदरपण दाखवणारी ‘टी’ची रेघ फिकट असली तरी बहुधा ‘हो’च, पण तासाभराने कचऱ्यातून काढून पाहिलेली रेघ धरायची नाही. संबंधानंतर घ्यायच्या इमर्जन्सी गर्भनिरोधक गोळीने पाळी पुढेमागे होऊ शकते, उगाच धास्ती नको. निगेटिव्ह येऊनही पाळी आली नाही तर आठवड्याने पुन्हा टेस्ट करा. ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखत असेल तर मात्र थेट डॉक्टरकडे जा.