रेस केबल घरीच बदला आणि ऑइल करा (कार्बोरेटरवाली स्प्लेंडर)

एक्सलेटर वायर म्हणा नाहीतर रेस केबल, गाडीतल्या सगळ्यात स्वस्त पार्टपैकी एक आणि तितकीच दुर्लक्षित. क्लच वायर जड झाली की डाव्या हाताची बोटं बोंबलतात म्हणून तिच्याकडे लगेच लक्ष जातं, रेसचं तसं होत नाही. उघडताना आपला हात ओढतो, त्याला हवा तेवढा जोर असतो, पण बंद होताना हात काहीच करत नाही, कार्बोरेटरमधली एवढीशी स्प्रिंग एकटीच स्लाइड (हवेची वाट उघडझाप करणारा छोटा दट्ट्या) खाली ढकलते आणि सोबत वायर पण ओढून घेते. त्यामुळे केबलमध्ये गंज-धूळ बसली की पहिली बोंब बंद होतानाच होते, आणि आपण तपासतो काय तर रेस हलकी फिरते का. उलटं बघायचं, सोडल्यावर ती कशी मिटते ते.

इथे मी कार्बोरेटरवाली स्प्लेंडर धरून सांगतोय, एप्रिल 2020 ला बीएस6 (धुराचे नवे नियम) लागू व्हायच्या आधीची. नंतरच्या इंजेक्शनवाल्या गाडीला पण केबल असते, फक्त खाली ती थ्रॉटल बॉडीच्या पुलीला अडकते. 2017 नंतरची ड्यूक 390 वगैरे असेल तर सोडा, तिला केबलच नाही.

आधी टेस्ट. इंजिन बंद, रेस पूर्ण पिळा आणि एकदम सोडा, खालून स्लाइड आपटल्याचा स्वच्छ 'टक' आला पाहिजे. हँडल सरळ ठेवून करा, मग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. तिन्हीकडे आळशीपणा असेल तर केबल सुकलीय किंवा मूठ जाम आहे, एकाच बाजूला असेल तर केबल कुठेतरी दाबली जातेय आणि तिथे तेल ओतून काही होणार नाही. टक व्यवस्थित येतोय तरी चालू गाडीचं इंजिन रेस सोडल्यावर खाली यायला वेळ लावतंय, मग केबलला दोष देऊ नका, कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या जॉइंटमधून हवा घेतेय का ते बघा.

निपलजवळ (वायरच्या टोकाला असतो तो धातूचा छोटा गोळा) एक जरी तार तुटलेली दिसली, बाहेरचं काळं कव्हर सोलून गंज दिसत असेल किंवा केबल कुठे मुडपली असेल तर सरळ नवीन टाका, ऑइलच्या नादी लागू नका. तुटलेली तार आत अडकली की रेस उघडीच राहते, आणि ते सिग्नलजवळ झालं तर विचार करा. (झालंच तर क्लच दाबायचा आणि चावी बंद, पण चावी हँडल लॉकपर्यंत फिरवायची नाही.) केबल कंपनीची घ्या, पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्याकडच्या स्पेअर पार्टवाल्याकडे जुनी सोबत नेऊन लांबी आणि निपल जुळवून.

सामान फार लागत नाही, स्क्रूच्या डोक्यात घट्ट बसणारा चांगला स्टार स्क्रू ड्रायव्हर, आठ-दहाचा पाना, दोरा, स्वच्छ फडकं. सुरू करायच्या आधी केबल कुठून कशी गेलीय त्याचे मोबाइलवर फोटो काढा, हे लोक हमखास विसरतात. पेट्रोल कॉक बंद. कार्बोरेटरचं वरचं झाकण उघडायच्या आधी आजूबाजूची माती पुसून घ्या नाहीतर सगळी आत जाईल. झाकण फिरवून काढलं की स्लाइड, सुई, स्प्रिंग सगळं एकदम वर येतं. स्प्रिंग बोटांनी वर दाबून धरा, वायर थोडी खाली ढकला, निपल स्लाइडच्या खाचेतून बाहेर येतं. स्लाइड फडक्यावर जपून ठेवा, सुई वाकली तर नवीन खर्च. कार्बोरेटरच्या तोंडावर पण फडकं टाका.

वरती मुठीजवळचे दोन स्क्रू काढून निपल सोडवा. आता जुनी केबल खेचून काढू नका, आधी खालच्या टोकाला दोरा बांधा आणि मग वरून ओढा, म्हणजे दोरा त्याच रस्त्यात राहतो आणि नवीन केबल त्याला बांधून खाली घेता येते, टाकी काढायची भानगड नाही.

तीच केबल परत टाकायची असेल तर ऑइलिंग आत्ताच. एका टोकाला प्लॅस्टिक पिशवीचा कोपरा कापून रबरबँडने घट्ट बांधा, छोटं नरसाळं तयार होतं, केबल उभी टांगा, शिलाई मशीनचं पातळ तेल थोडं थोडं टाका आणि आतली वायर वर-खाली करत राहा, खालून आधी काळं पाणी येईल, स्वच्छ तेल ठिबकायला लागलं की झालं. घाई नको, रात्रभर टांगून ठेवली तरी चालेल. आत ग्रीस अजिबात घालायचं नाही, धूळ धरून त्याचा लगदा होतो, ग्रीस फक्त निपलला बोटाने लावायचं. डब्ल्यूडी-40 स्प्रेने गंज-पाणी निघतं, पण ते टिकत नाही, त्यानंतर तेल घालावंच लागतं. नवीन केबलला बऱ्याचदा आत प्लॅस्टिकची नळी असते, तिला सुरुवातीला काही लागत नाही. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर पावसाळा संपल्यावर एकदा कराच, आणि वॉशिंगवाल्याला प्रेशरचा पाइप मुठीवर मारू देऊ नका.

मूठ सरकवून हँडलचा पाइप रॉकेलच्या फडक्याने पुसा, तिथे जुनं ग्रीस आणि माती मिळून डांबर झालेलं असतं. निम्म्या वेळा जाम केबल नाही, हेच असतं. आणि तो वरून चढवलेला फोमचा जाडा ग्रिप कव्हर, तो स्विचला घासत असेल तर फेकून द्या.

बसवताना स्लाइडचा कापलेला भाग एअर फिल्टरकडे, आणि बाजूची उभी खाच आतल्या पिनवर. बरोबर बसली की अलगद तळापर्यंत जाते, जोर लावावा लागतोय म्हणजे चुकतंय. उलटी बसली तर गाडी सुरू होताच किंचाळेल. मग केबलच्या अ‍ॅडजस्टरवर प्ले (मुठीची मोकळी हालचाल) सेट करा, मुठीच्या कडेला 2 ते 6 मिमी मोकळी फिरली पाहिजे, आणि अ‍ॅडजस्टर जागेवर धरणारा चेक नट घट्ट.

शेवटी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये गाडी चालू करून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आयडलिंग (रेस न देता इंजिन जेवढं फिरतं ते) जराही वाढलं तर केबल ताणली जातेय, रस्ता बदला. फॉग लाइट किंवा मोबाइल चार्जर बसवणाऱ्यांनी वायरिंगसोबत रेस केबल पण झिप टायने आवळलेली असते, तो टाय आधी कापा.

जुनी केबल धड असेल तर ऑइल करून सीटखाली ठेवा. लडाखला जाणारे लोक तर नवीन केबल जुनीच्या शेजारी आधीच टाकून ठेवतात. स्पेअर नसताना वाटेत तुटलीच तर कार्बोरेटरचा आयडलिंगचा स्क्रू आत फिरवून आयडल वाढवा आणि फर्स्ट-सेकंडमध्ये हळूहळू पुढचं गॅरेज गाठा, फक्त उतार लागला की थांबून स्क्रू परत सैल करा.