फ्लूची लस घेताना या चुका टाळा

आजूबाजूला सगळे खोकायला लागले की लशीची आठवण होते. नेमका तिथेच घोळ होतो. टोचून घेतल्यानंतर शरीरात पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण 2 आठवडे लागतात. तेवढ्यात विषाणूने गाठलं तर लस घेऊनही फ्लू होतो, आणि 'लशीनेच आजारी पडलो' हा समज घरात कायमचा मुक्कामाला येतो. इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यातून फ्लू होऊच शकत नाही. दंड दुखतो, कणकण वाटते, अंग मोडून येतं. हे एक-दोन दिवसांत ओसरतं.

मग घ्यायची कधी? साथीच्या किमान 2 आठवडे आधी, जमल्यास महिनाभर आधी. थंड प्रदेशात साथ हिवाळ्यात येते, उष्ण कटिबंधात बऱ्याच ठिकाणी पावसाळ्यात, तर काही भागांत वर्षातून दोनदा. म्हणून दुसऱ्या देशातल्या नातेवाइकांचं पाहून महिना ठरवू नका, जवळच्या डॉक्टरांना विचारा. 'एकदाची उरकून टाकू' म्हणत चार-पाच महिने आधी घेणंही फारसं शहाणपणाचं नाही. संरक्षण हळूहळू उतरतं, वयस्कर माणसांत जरा लवकरच. आणि उशीर झालाच असेल तर? तरीही घ्या. साथ आठवड्याभरात आटोपत नाही. 'आता काय उपयोग' म्हणून सोडून देणं ही उशिरापेक्षा मोठी चूक.

'मागच्या वर्षी घेतली होती की!'

फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो. म्हणून लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते, आणि जागतिक आरोग्य संघटना लशीत कोणते प्रकार असावेत हे वर्षातून दोनदा सुचवते: फेब्रुवारीच्या सुमारास उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरच्या सुमारास दक्षिण गोलार्धासाठी. टोचण्याआधी लस कोणत्या हंगामाची आहे आणि मुदत कधी संपते, हे बिनधास्त विचारा. विचारण्यात काही गैर नाही.

आणखी एक गैरसमज म्हणजे चार प्रकारांची लस भारी आणि तीनची हलकी. बी-यामागाता हा चौथा प्रकार मार्च 2020 नंतर खात्रीने आढळलेलाच नाही, म्हणून तो लशीतून वगळला जातोय. त्यासाठी चारची लस शोधत दिवस घालवू नका.

मुलांचा दुसरा डोस

विसरला जातो तो हाच. 6 महिने ते 8 वर्षं वयाचं मूल पहिल्यांदाच फ्लूची लस घेत असेल, तर सहसा किमान 4 आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. म्हणजे तयारीही तेवढी आधी हवी. तारीख हुकली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची नाही, राहिलेला डोस घ्यायचा. 6 महिन्यांखालच्या बाळाला ही लस देत नाहीत. आईने गरोदरपणात घेतली तर तिची प्रतिपिंडं बाळाला मिळतात.

नाक वाहतंय म्हणून लस पुढे ढकलायची गरज नाही. चांगलाच ताप असेल तर मात्र थांबा. पूर्वी या लशीची तीव्र ॲलर्जी आली असेल, किंवा लस घेतल्यावर 6 आठवड्यांत गियाँ-बारे (नसांवर परिणाम होऊन हातापायांतली ताकद जाणारा दुर्मीळ आजार) झाला असेल, तर ते आधीच सांगा. नाकात फवारायच्या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. गरोदर स्त्रियांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी ती घेऊ नये.

'लस घेऊनही सर्दी झालीच'

होणारच. साध्या सर्दीमागे बहुतेकदा ऱ्हायनोव्हायरस असतात, त्यांचे शंभरावर प्रकार आहेत, आणि त्यांच्यावर ही लस चालत नाही. कोविड, न्यूमोकोकस (न्यूमोनिया करणारा एक जिवाणू) आणि आरएसव्ही (श्वसनमार्गाला होणारा एक विषाणू) यांच्या लसी वेगळ्या. शेवटच्या दोन दरवर्षी घ्यायच्याही नसतात. फ्लूपुरतं बोलायचं तर लस आणि विषाणू यांचा मेळ चांगला बसतो त्या वर्षी डॉक्टरकडे जावं लागण्याइतक्या फ्लूचा धोका साधारण 40 ते 60 टक्क्यांनी घटतो. पूर्ण कवच नाही, हे मान्य. पण दुखणं न्यूमोनियापर्यंत, रुग्णालयापर्यंत जाण्याची शक्यता कमी होते, आणि माझ्या मते लस घ्यायची ती त्यासाठी.

टोचल्यानंतर

सैल बाहीचा कपडा घालून जा, म्हणजे सुई खांद्याच्या सांध्याजवळ न जाता दंडाच्या स्नायूत जाते. नंतर 15 मिनिटं तिथेच बसा. काहींना चक्कर येते, आणि क्वचित येणारी तीव्र ॲलर्जी सहसा लगेचच दिसते. हात वर करताना होणारी कळ आठवडाभरानेही गेली नाही, तर दाखवून घ्या.

साथीत जोराचा ताप आणि खोकला आला तर 'लस घेतलीय, फ्लू नसणार' म्हणत घरी बसू नका. ओसेल्टामिविरसारखी औषधं लक्षणं दिसल्यापासून 48 तासांत सुरू केली तर सर्वांत उपयोगी पडतात. वयस्कर, गरोदर, दमा किंवा मधुमेह असलेल्यांच्या बाबतीत तर डॉक्टर तपासणीच्या अहवालासाठी न थांबताही ती सुरू करू शकतात.