मोटर जळायच्या आधी थिंबल जळतं: उन्हाळी पाळ्यांआधी स्टार्टर पेटी उघडा

खरड छाटणीच्या बागा, खोडव्याचा ऊस, पुढं हळदीची लागण. मार्च ते मे तासगाव-पलूसपासून कराड-कोरेगावपर्यंत सगळा जीव पाण्याच्या पाळीत अडकलेला असतो, आणि मोटरी याच दिवसांत जळतात. दोष व्होल्टेजला नाहीतर मोटरीला दिला जातो. पेटी उघडली की मात्र वारंवार तेच दिसतं: एका फेजचं थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं टोपण) काळं पडलेलं, मागची वायर कडक झालेली आणि नट बोटानं फिरतोय.

पाच एचपीची थ्री फेज मोटर पूर्ण लोडवर साधारण साडेसात अँपिअर घेते. सैल सांध्यात अर्धा ओहम विरोध तयार झाला तरी तिथं २८ वॅट उष्णता निघते, म्हणजे पेटीत सोल्डरिंगची इस्त्री सतत चालू ठेवल्यासारखं. तापलं की तांब्यावर काळा थर चढतो, थरानं विरोध वाढतो, मग आणखी तापतं. दुपारी व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते, त्यात भर. शेवटी तो फेज तुटतो, मोटर दोन फेजवर घुमत राहते, उरलेल्या दोन तारांतून पावणेदोन पटीच्या आसपास करंट जातो आणि वाइंडिंग जळतं. रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद पाडणारा स्टार्टरमधला भाग) वरच्या आकड्यावर चढवून ठेवला असेल तर ट्रिपही होत नाही. मग रिवाइंडिंग करून मोटर परत त्याच काळ्या थिंबलला जोडतात. ती पुन्हा जळणारच.

तपासणी. मोटर अर्धा-पाऊण तास लोडवर चालवा. मग बंद करा, ऑटो (लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारा स्विच) काढा, मेन स्विच पाडा, किटकॅट (फ्यूजच्या चिनीमातीच्या ग्रिप) काढून खिशात ठेवा आणि प्रत्येक टर्मिनलला टेस्टर लावून बघा. कपॅसिटर असेल तर वायरमनकडून डिस्चार्ज करून घ्या. ओल्या पायानं पेटीला हात नको. आता तिन्ही फेजची तुलना करा. एकच सांधा गरम आणि वायर पुढं गार होत गेली, तर दोष सांध्याचा. वायर सगळ्या लांबीत सारखीच गरम, तर ती लोडला बारीक आहे. रानातली खूण: मेणबत्तीचं टोक सांध्याला टेकवा, मेण वितळलं तर तो सांधा उघडायचाच. चालू लोडवर क्लॅम्प मीटरनं (वायरभोवती चिमट्यासारखं अडकवून करंट मोजायचं मीटर) तिन्ही फेजचा करंट वायरमनलाच मोजायला सांगा.

दुरुस्ती. नुसता नट आवळून भागत नाही. काळा थर आतच राहतो. वायर मागं कापत जा, तांबं लख्ख दिसेपर्यंत. वायरच्या स्क्वेअर एमएमचंच थिंबल घ्या आणि क्रिंपिंग टूलनंच दाबा. पक्कडीनं किंवा हातोडीनं ठोकलेलं थिंबल हंगामभर टिकत नाही. दाबल्यावर जोरात ओढून बघा. टर्मिनल झिरो पॉलिश पेपरनं घासा. थिंबल थेट टर्मिनलला टेकलं पाहिजे, वॉशर आणि स्प्रिंग वॉशर त्याच्या वर. मधे वॉशर घातला की करंट त्यातून जातो आणि तोच तापतो. खांबावरून आलेली ॲल्युमिनियमची वायर पितळी टर्मिनलला सरळ जोडू नका, तिथं बायमेटॅलिक थिंबल (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं) लावा.

जोडी बदला, एक बाजू नको. किटकॅटची ग्रिप जळाली तर बेसही बदला, कारण बेसच्या पत्तीचा ताण गेलेला असतो आणि नवी ग्रिप त्यात सैलच बसते. स्टार्टरचे हलते आणि स्थिर काँटॅक्टही असेच एकत्र, स्प्रिंगसकट. आठ दिवस मोटर चालल्यावर पुन्हा एकदा उघडून बघा.

दुकानात पॉवर सेव्हरची डबी, महागडा स्प्रे, अख्खा नवा स्टार्टर गळ्यात मारतील. सैल सांधा यातल्या कशानंच बरा होत नाही. थिंबल घेताना चुंबक बरोबर न्या. चिकटलं तर आत लोखंड आहे, परत द्या. सिंगल फेज प्रिव्हेंटरला (एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र) मात्र पैसे घाला.

बाकीची कामं:
- पेटीतली कोळ्याची जाळी, मुंग्या, पाली काढणे
- रिले मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरवर लावणे
- फ्यूजला जाड तार न घालणे
- अर्थिंगला पाणी घालणे
- पेटीजवळचं पाचट हटवणे

ट्रॅक्टर. सेल्फ मारताना शेकडो अँपिअर जातात, त्यामुळं बॅटरीचं टर्मिनल जरा सैल असलं तरी तापतं. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या खुंटावर, दुसरी क्लॅम्पवर धरून सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर क्लॅम्प काढून घासा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली. हेडलाइटचा किंवा ट्रॉलीचा प्लास्टिक कनेक्टर तपकिरी झाला असेल तर मोठा फ्यूज घालू नका. आतल्या पिनेचा ताण गेलाय. नर-मादी दोन्ही बदला आणि वायर लख्ख तांब्यापर्यंत कापूनच नवी पिन दाबा.