नवी गाडी पारखताना: शोरूमपासून तोरणमाळच्या घाटापर्यंत

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस आधी दात बघतो, मग खूर, मग भोवरे. आणि पैसे मोजायच्या आधी स्वतः बसून रेवाल चाल, म्हणजे स्वाराला धक्का न देणारी झपझप चाल, बघतो. विकणाऱ्याने पळवून दाखवलेल्या घोड्यावर तिथे कोणी विसंबत नाही. मी पशुवैद्यक आहे, नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यात खाजगी प्रॅक्टिस करते, त्यामुळे दत्तजयंतीला या यात्रेतले सौदे बरीच वर्षं जवळून बघतेय. घोड्यासाठी चार दिवस मुक्काम ठोकणारा हाच माणूस बारा लाखांची गाडी मात्र शोरूमच्या दारापुढच्या दोन किलोमीटरांत पसंत करून येतो.

हसायचं कारण नाही, मागच्या खेपेला मीही तेच केलं. ती गाडी कागदावर उंच होती. पाच माणसं बसली की म्हसावदच्या पुढच्या प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासायचं. आठ वर्षं तो आवाज ऐकला. यंदा गाडी बदलायची ठरली तेव्हा टाटाची नेक्सॉन, मारुतीची ब्रेझा आणि महिंद्राची एक्सयूव्ही थ्रीएक्सओ या तिघींची तुलना दीड महिना केली. कशी केली, ते सांगते.

आधी वही, मग शोरूम

शंभर पानी वही घ्या. मोबाईलवर तुलनेचे तयार तक्ते मिळतात, पण त्यांत साठ ओळी असतात आणि पन्नास तुमच्या कामाच्या नसतात. पहिल्या पानावर गाडीचं काही लिहू नका, स्वतःचा आठवडा लिहा. माझा असा: रोज साठ-सत्तर किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता पपईच्या आणि उसाच्या शेतांमधून. मागे औषधांची पेटी, लसींचा थंड डबा आणि कृत्रिम रेतनाच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्यांसाठी द्रव नायट्रोजनचा कॅन. हा नायट्रोजन उणे 196 अंशांचा. कॅन आडवा झालेला चालत नाही, आणि त्याची वाफ बंद गाडीत कोंडू द्यायची नसते, म्हणून माझ्या गाडीची एक काच बारा महिने बोटभर खाली असते. महिन्यातून दोनदा तोरणमाळकडचे पाडे. गुडघ्याच्या डॉक्टरांसाठी सासूबाईंना धुळ्याला नेणं. चालवणार मी, उंची पाच फूट एक इंच.

हे लिहिलं की फीचरची यादी आपोआप चाळली जाते. सनरूफ म्हणजे घोड्याच्या कपाळावरचा भोवरा. किंमत वाढते, चालीत फरक पडत नाही. मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो त्या मुलखात छपराला काच कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. लेकीला मात्र कळलंय, असं ती म्हणते. उलट सीटमधून गार हवा येण्याची सोय मी आधी चैन समजत होते. दुपारी दोनला गोठ्यातून घामाघूम येऊन बसल्यावर मत बदललं.

तुलना व्हेरियंटची करा, नुसत्या नावाची नको. जाहिरातीतली किंमत सगळ्यात खालच्या व्हेरियंटची असते आणि फोटो सगळ्यात वरच्याचा. विमा, आरटीओ धरून तुमचं बजेट ठरवा आणि त्या आकड्यात प्रत्येक कंपनीचं नेमकं कोणतं व्हेरियंट बसतं, तेवढंच वहीत घ्या. जुन्या व्हिडिओंतल्या किमती सोडून द्या. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलला: लांबी 4 मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत किंवा डिझेल 1500 सीसीपर्यंत असेल तर 18 टक्के, त्यापुढच्या गाड्यांना 40. आमच्या तिन्ही गाड्या 4 मीटरच्या आतल्याच, पण ब्रेझाचं पेट्रोल इंजिन 1462 सीसीचं, म्हणून ती 40 च्या खणात जाते.

आकड्यांपैकी मला टॉर्क सगळ्यात कामाचा वाटला. पॉवर म्हणजे बैल किती पळतो. टॉर्क म्हणजे रुतलेली गाडी किती जोराने ओढतो. ब्रेझाच्या साध्या पेट्रोलला साधारण 137 न्यूटन मीटर, नेक्सॉनच्या टर्बो पेट्रोलला 170, थ्रीएक्सओच्या सुरुवातीच्या टर्बो पेट्रोलला 200 आणि तिच्याच डिझेलला 300. आकड्याशेजारी तो किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर, मिळतो हेही लिहा. टर्बो इंजिन खालच्या आरपीएमला क्षणभर सुस्तावतं आणि मग एकदम उसळतं. बिनटर्बोचं मोठं इंजिन ओढतं कमी, पण पाय दाबाल तेवढंच आणि तेव्हाच.

एवढं वाचून डिझेलकडे धावू नका. आजच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी पकडणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात तिला. ती काजळी जळायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग वेगात चालावी लागते. रोज पाच-पाच किलोमीटरवर थांबत गावं फिरणाऱ्याची जाळी तुंबते आणि डॅशबोर्डावर दिवा लागतो. धुळे-सुरत रोजचं असेल तर डिझेल घ्या. माझ्यासारख्या गोठे फिरणारीने दोनदा विचार करावा.

सुरक्षेसाठी भारत एनकॅप ही आपली चाचणी 2023 मध्ये सुरू झाली. तारे सगळेच सांगतात, तुम्ही गुण लिहा: मोठ्यांसाठी 32 पैकी किती, मुलांसाठी 49 पैकी किती. दोन पाच-तारा गाड्यांच्या गुणांतही अंतर असतं. समोरून धडक ताशी 64 किलोमीटरला देतात. सोनगीरच्या पुढे महामार्गावर 64 नी चालणारा मला अजून दिसायचाय, म्हणून पट्टा मागच्या सीटवरही लावायचा. मायलेजचा एआरएआय या चाचणी संस्थेचा आकडा रोलरवरच्या चाचणीतला. तो दोन गाड्या एकमेकींशी ताडायला ठीक आहे, महिन्याचा खर्च काढायला नाही.

उभ्या गाडीजवळ अर्धा तास

सोबत सामान न्या. मी रिकामा नायट्रोजनचा कॅन घेऊन शोरूममध्ये शिरले तेव्हा वॉचमन दचकला. डिकी किती लिटरची हे कागदावर असतं (नेक्सॉन 382, ब्रेझा 328), पण डिकीचा उंबरा किती उंच, झाकण पुरतं उघडतं का, मधे चाकाचा फुगवटा येतो का, हे लिटरमध्ये मोजता येत नाही. एका गाडीत लिटर भरपूर होते आणि माझा कॅन उभा राहत नव्हता. सीएनजी घेणार असाल तर टाकी असलेलीच डिकी बघायला मागा.

मग ड्रायव्हरच्या जागी बसा. क्लच पूर्ण दाबून गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. बॉनेटची कड दिसते का? काचेच्या बाजूचा खांब वळणावर समोरचा मोटारसायकलवाला गिळतो का? सासूबाईंना मागे चढ-उतर करायला लावली, तीन-तीन वेळा. त्यांनी एका वाक्यात एक गाडी बाद केली: "हिच्यात बसायला पाट लागंल." सेल्समन हे सगळं नवऱ्याला समजावत होता. "सर, पिकअप जबरदस्त." नवरा लायसन्स काढूनही सायकलवर फिरणारा माणूस. तो म्हणाला, "तिला सांगा, मी नुसता डबा धरायला आलोय."

एसीची बटणं बोटांनी चाचपून कळतात का, ते डोळे मिटून बघा. नुसत्या काचेच्या टच-पट्टीवर ओला हात चालत नाही, आणि माझे हात कशाने ओले असतात ते विचारू नका. हे फीचर कोणत्याही तक्त्यात नसतं.

आता चालवा, पण आपल्या रस्त्यावर

टेस्ट ड्राइव्ह घरी मागवा. फोनवरच सांगा की जे इंजिन आणि जो गिअरबॉक्स घेणार तोच पाहिजे. मला मॅन्युअल पेट्रोल हवी होती आणि दारात आली ऑटोमॅटिक डिझेल. परत पाठवली. तीन गाड्या एकाच रस्त्यावर, शक्यतो एकाच दिवशी, त्याच माणसांना बसवून चालवायच्या, नाहीतर तुलना कसली? निघण्याआधी पंपावर हवा तपासा. डेमो गाडीची हवा कशीही असते आणि त्यावर बसणारे धक्के बदलतात. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो.

माझा रस्ता ठरलेला: शहादा, म्हसावद, राणीपूर आणि तिथून तोरणमाळचा घाट. दोन डीलर तयार झाले. तिसऱ्याने "एवढ्या लांब परवानगी नाही" म्हटलं. मग त्याच मॉडेलची गाडी असलेल्या, ओळखीच्या मिरचीच्या व्यापाऱ्याला गाठलं, पेट्रोल भरून दिलं आणि वर एका म्हशीची तपासणी फुकट. ही युक्ती लक्षात ठेवा: एक वर्ष वापरलेली मालकाची गाडी डेमो गाडीपेक्षा जास्त खरं बोलते. कुठे खडखडतं ते ऐकू येतं.

धक्के मोजायला आमच्याकडे यंत्र नव्हतं, दहावीची लेक होती. तिला मागे बसवून वही दिली आणि सांगितलं, मी बोलेन ते लिहीत राहा. म्हसावदच्या पुढच्या त्याच तीन किलोमीटरांत, ताशी 40 ला. घरी येऊन तीन पानं शेजारी ठेवली. पहिल्या गाडीतलं अक्षर वाचता येत होतं. दुसऱ्या गाडीत वेलांट्या ओळ सोडून गेलेल्या. तिसऱ्या गाडीत निम्म्यावर लिहिलंय, "आई बस आता". गाड्यांची नावं इथे मुद्दाम देत नाही, कारण टायरचा आकार आणि व्हेरियंट बदललं की अक्षरही बदलेल. पण तुमच्या घरातल्या पोराला बसवा. पुढे बसून धक्का कळत नाही.

घाटात पाच माणसं, एसी चालू. राणीपूरहून वर सुमारे 1150 मीटर उंचीवर जायचंय. मुद्दाम एका चढावर थांबायचं आणि पुन्हा निघायचं. गाडी मागे येते का, हिल होल्ड (चढावर ब्रेक सोडल्यावरही गाडी धरून ठेवणारी सोय) किती सेकंद धरतं, क्लचचा वास येतो का? सातपायरीच्या वळणांवर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढते की पहिला मागते? एएमटी, म्हणजे मॅन्युअलचेच गिअर यंत्राने बदलणारी स्वस्त ऑटोमॅटिक, घेणाऱ्यांनी हे जरूर करावं: ती गिअर बदलताना ओढ सोडते, आणि चढाच्या वळणावर ते अंतर जाणवतं. टॉर्क कन्व्हर्टर हा दुसरा ऑटोमॅटिक प्रकार तिथे सरळ चढतो, इंधन थोडं जास्त खातो. उतरताना पाय ब्रेकवर न ठेवता खालच्या गिअरवर गाडी स्वतःला किती आवरते ते बघा. परत सपाटीला आल्यावर एकदा ब्रेक दाबून बघा, नरम तर नाही झाला? मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नसताना, साठवरून एकदा कचकन थांबा. पायाखाली थरथर आली तर घाबरू नका, चाकं जाम होऊ न देणारं एबीएस काम करतंय.

एसीची परीक्षा दुपारी दोनला. गाडी काचा लावून तासभर उन्हात उभी करा. लसींच्या डब्यातलं थर्मामीटर मी मागच्या सीटवर ठेवलं: आत 53 अंश. एका गाडीला 30 वर यायला नऊ मिनिटं लागली, दुसरीला पंधरा. मागे एसीची झडप आहे की नाही, यापेक्षा हे घड्याळ महत्त्वाचं.

आणि एक फेरी अंधारात. उसाच्या हंगामात इथे विनारिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या अचानक समोर उभ्या असतात. लो-बीमवर रस्त्याची डावी कड किती लांब दिसते ते बघा, हाय-बीम सगळ्यांचाच भारी असतो. मधला मोठा स्क्रीन काचेत चमकतो का, तो पुरता मंद होतो का, तेही रात्रीच कळतं. पट्टे आखलेले नसतील तिथे एडासचं, म्हणजे कॅमेरा-रडारवर चालणाऱ्या मदतनीस यंत्रणेचं, लेन सांभाळणं मुकं होतं, पण समोर काही आलं तर आपोआप लागणारा ब्रेक उपयोगी आहे. तो कधी कधी शेळीच्या कळपासमोर उगाच लागतो. मी त्याला दोष देत नाही, शेळ्यांचा मलाही अंदाज येत नाही.

शेवटी गुणांची बेरीज करू नका. ताप नाही, भूक चांगली, पण एक पाय लंगडतोय, अशा बैलाला मी दहापैकी आठ गुण देऊन नांगराला जुंपत नाही. वहीच्या पहिल्या पानावरची एखादी गरज जिथे अडली ती गाडी बाद, बाकी कितीही चमको. मग उरलेल्यांची सर्व्हिस कुठे होते ते बघा. सेल्सला नाही, सर्व्हिस सेंटरला फोन करा: पुढची तारीख किती दिवसांनी, बंपर मिळायला किती दिवस. टॅक्सी स्टँडवर तेच विचारा. उत्तरं जुळली तर बुकिंग करा.

आमच्याकडे गाडी आखाजीलाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी आणायची असते. त्या दिवशी शोरूममध्ये पेढ्यांचे बॉक्स आणि हार एवढे असतात की गाडी बघायला कोणाला सवड नसते. म्हणून आदल्या दिवशी यार्डात जा. चेसिस नंबर पावतीशी ताडा, गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारा, उन्हात उभं राहून रंग बघा, पाची टायरांवरच्या बनावटीच्या तारखा बघा, किलोमीटर किती झालेत ते लिहून घ्या. आम्ही गेलो. सगळं ठीक होतं. लेकीने स्टेपनीचं झाकण उचललं तर आत जॅक नव्हता. सेल्समन म्हणाला, "सर, उद्या पूजेच्या आधी टाकतो." नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं.